वाकळीतले बारदान: मंगळवार पेठेतील जुन्या कापडाचा इतिहास

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, म्हणजे खासबाग मैदान, मिरजकर तिकटी आणि बेलबाग यांच्या आसपास पसरलेल्या वस्तीत, सामान्य घरातील अंथरुणा-पांघरुणाचा इतिहास हा मुख्यतः एकदा वापरून झालेल्या कापडाचा इतिहास आहे. महाराष्ट्राच्या इतर भागांत जिला गोधडी म्हणतात तिला या मुलखात वाकळ म्हणतात, आणि बेळगाव-धारवाडकडे तीच कौदी या नावाने ओळखली जाते. पांघरुणाचे दुसरे साधन म्हणजे धनगरांनी विणलेले लोकरी घोंगडे. पण घोंगडे विकत घ्यावे लागे, तर वाकळ घरातल्या घरात उभी राही. गाडगे महाराजांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत, त्यात ठिगळांच्या वस्त्राविषयीचा आदर दिसतो. तो आदर विरक्ताच्या अंगावरील गोधडीला मिळाला, घरोघरच्या वाकळीची नोंद ठेवण्याची गरज मात्र फारशी कोणाला वाटली नाही.

वाकळीची रचना वरवर साधी असली तरी तिच्यामागे कापडाच्या झिजेचे नेमके ज्ञान असते. नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटर लांब असते आणि ते सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्या-उठण्याचा, कासोट्याचा आणि ओच्याचा ताण ज्या भागावर पडतो तो भाग आधी विरतो, तर काठ आणि पदर त्यानंतरही बरीच वर्षे टिकतात. म्हणून विरलेला भाग आतल्या थरात जातो, धडका भाग वरच्या आणि खालच्या थराला लागतो, आणि इरकली लुगड्याचे काठ चारही बाजूंनी पट्टी म्हणून येतात. चोळीचा खण काखेत फाटतो पण बाहीवर शाबूत राहतो, त्यामुळे खणाचे लहान तुकडे कोपऱ्यांत किंवा मधल्या चौकटीत बसवले जातात. धोतर, सदरे, फेटे, जुन्या उशांचे अभ्रे हे सारे मधल्या भरणात मोडते. थर जमिनीवर ताणून पसरले, की कडेपासून धावदोरा, म्हणजे सुई खालीवर नेत घातलेला साधा सरळ टाका, सुरू होतो आणि ओळीला ओळ लावत तो मध्याकडे सरकतो. हा टाका नक्षीसाठी असतो असा समज शहरी ग्राहकांत आढळतो, परंतु त्याचे खरे काम वेगळे आहे: जे कापड स्वतःच्या बळावर तग धरू शकत नाही ते शेजारच्या थराच्या आधाराने धरून ठेवणे. कापड जितके जीर्ण, तितकी टाक्यांची दाटी अधिक, आणि म्हणूनच गरीब घरातील वाकळ पुष्कळदा अधिक दाट शिवलेली, पर्यायाने दिसायला अधिक देखणी असते.

याच्या शेजारी अमेरिकेतील एक उदाहरण ठेवले, की मंगळवार पेठेतील प्रथेचे वेगळेपण स्पष्ट होते. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवणयंत्रामुळे मजबूत शिवणीच्या पिशव्या तयार होऊ लागल्या, आणि पीठ, साखर, कोंबड्यांचे व गुरांचे खाद्य लाकडी पिंपांऐवजी सुती पिशव्यांत भरले जाऊ लागले. शेतकऱ्यांच्या बायका त्या पिशव्या उसवून, छापील शाई धुऊन काढून, त्यांचे कपडे आणि ठिगळकामाची पांघरुणे शिवत. हे ध्यानात आल्यावर सेंट लुईस येथील जॉर्ज प्लांट मिलिंग कंपनीने १९२० च्या दशकाच्या मध्यास चौकड्यांच्या कापडाच्या पिशवीत पीठ विकण्यास आरंभ केला, आणि पुढील मंदीच्या काळात फुलाफुलांच्या छापाच्या पिशव्या हा गिरण्यांमधील चढाओढीचा विषय झाला. शंभर पौंडी पिशवी उसवल्यावर एक वाराहून थोडे अधिक कापड हाती येई, त्यामुळे एकाच छापाच्या दोन-तीन पिशव्या मिळवण्यासाठी खाद्याच्या दुकानात पोत्यांची थप्पी उलथीपालथी होई. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदी पिशवी स्वस्त पडू लागली, सुती पिशवी मागे पडली, आणि न उसवलेल्या, न वापरलेल्या पिशव्या पुढे संग्राहकांच्या हाती गेल्या.

कोल्हापुरात असे घडले नाही, याचे कारण येथील बायकांच्या हातात नव्हे, तर कलकत्त्याच्या गिरण्यांत शोधावे लागते. हुगळीकाठी रिश्रा येथे १८५५ मध्ये तागाची पहिली गिरणी उभी राहिली आणि पुढील काही दशकांत तागाचे पोते इतके स्वस्त झाले की हिंदुस्थानातील धान्य, साखर, सरकी, पेंड अशा जवळजवळ सर्व मालाचे बारदान, म्हणजे माल भरण्याचे वेष्टन, तागाचेच ठरले. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, त्यानंतर गुळाच्या व्यापाराबरोबर बारदानाची ये-जाही वाढली. गवळ्यांच्या गोठ्यांत आणि म्हशी बाळगणाऱ्या घरांत सरकीची पेंड आली तीही तागाच्या पोत्यांतूनच. ताग अंगाला टोचतो, धुतल्यावर फुगतो आणि लवकर कुजतो, तेव्हा त्याचा झगा किंवा परकर होणे शक्यच नव्हते. पण म्हणून पोते वाया गेले असे नाही. उसवलेले गोणपाट, म्हणजे तागाचे जाड कापड, अंथरुणाखाली जमिनीची ओल अडवण्यासाठी पसरले जाई. दोन कोपरे एकमेकांत खोचून पावसात डोक्यावरून घेण्याची खोळ त्याचीच होई. गाडीवानाची बैठक, दाराचा पडदा, पायपुसणे ही त्याची पुढील रूपे होती. आणि जाड अंथरुणाच्या वाकळीत सर्वांत खालच्या थराला तेच लागे, तेव्हा सुईऐवजी दाभण, म्हणजे पोती शिवण्याची मोठी जाड सुई, हाती घ्यावी लागे. सुती पिशवी आली ती मैद्यासारख्या बारीक पिठापुरती, कारण तागाच्या सैल विणीतून पीठ गळते. मांजरपाटाची, म्हणजे जाड, न धुतलेल्या कोऱ्या कापडाची ती पिशवी धुऊन घेतली की अभ्र्याला किंवा वाकळीच्या भरणाला चाले, आणि तिच्यावरील गिरणीच्या छापाची अक्षरे पुष्कळ धुण्यांनंतरही फिकट निळी-तांबडी दिसत राहत. गुऱ्हाळात गुळाची ढेप पाडताना साच्यात पसरायचे ओले कापडही याच जातीचे असे.

दुसऱ्या महायुद्धात या दोन दूरच्या प्रथांची गाठ एका विचित्र रीतीने पडली. समुद्रमार्ग असुरक्षित होऊन कलकत्त्याहून अमेरिकेला जाणारे तागाचे कापड आटले, त्यामुळे तेथे सुती पिशवीची मागणी वाढली. आणि त्याच वर्षांत हिंदुस्थानात सुती कापडाचाच दुष्काळ पडला. लष्करी गरजा आणि साठेबाजी यांमुळे भाव भडकले, १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम काढला, आणि त्याची झळ संस्थानी मुलखालाही लागली. ‘कंट्रोलचे कापड’ हा शब्द बोलण्यात रुजला तो याच काळात. वास्तविक मंगळवार पेठेपासून जवळच, कोटीतीर्थाच्या बाजूला, १९०६ मध्ये शाहू महाराजांनी स्थापलेली कापड गिरणी होती, आणि इचलकरंजीत १९०४ पासून यंत्रमाग चालू होते. तरीही जवळ माग असणे आणि घरात कापड असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. टंचाईच्या अशा काळात वाकळ नवी शिवली जात नसे, जुनीच पुन्हा शिवली जाई: फाटलेल्या वाकळीवर खाली-वर एकेक आच्छादन चढवून तिलाच नव्या वाकळीचे भरण करण्यात येई. जुन्या वाकळी अतोनात जड असतात त्याचे एक कारण हे आहे.

कापड घरातून घरात फिरत राहावे यासाठी पेठेत एक अलिखित व्यवस्था होती. मृताचे कपडे घरच्या वाकळीत सहसा घालत नसत. उलट आजीचे मऊ झालेले लुगडे बाळाच्या दुपट्यासाठी, म्हणजे दोन-तीन पदरी लहान पांघरुणासाठी, मुद्दाम राखून ठेवले जाई, कारण कोरे कापड तान्ह्याच्या अंगाला खरखरते. घरात न लागणारे कपडे बोहारणीकडे जात. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरणारी, जुने कपडे घेऊन बदल्यात भांडे देणारी ही बाई म्हणजे जुन्या कापडाच्या व्यापारातील पहिली कडी होय, आणि कापडाची पारख तिच्याइतकी क्वचितच कोणाला असेल. कोणता सदरा पुन्हा विकला जाईल, कोणता केवळ चिंधी म्हणून खपेल, हे ती दारातच ठरवी. चिंधीला गिऱ्हाईकही होते. पेठेशेजारच्या उद्यमनगरात लेथ, ओतकाम आणि इंजिनांचे कारखाने वाढले, तसतशी तेल पुसण्यासाठी सुती चिंध्यांची मागणी वाढत गेली, आणि जे कापड पूर्वी वाकळीच्या भरणात गेले असते त्यातले काही यंत्रांच्या कामी जाऊ लागले. दुसरीकडे शिंप्यांच्या दुकानांतून निघणारे कातरण, म्हणजे कापड बेतताना उरणारे तुकडे, वाकळ शिवणाऱ्या बायकांना फुकट किंवा वजनावर मिळे. वाकळ घरच्यांनी शिवावी हा रिवाज असला तरी मोबदला घेऊन ती शिवून देणाऱ्या बायकाही होत्या. कापड, दोरा आणि कधी एक वेळचे जेवण घरमालकिणीचे, हात मात्र त्यांचे. हे काम पिके निघाल्यानंतरच्या उन्हाळ्यात होई, पावसाळा लागण्यापूर्वी संपे.

वाकळीची परीक्षा होई ती धुण्यात. घटस्थापनेपूर्वी घरातील झाडून सारे अंथरूण-पांघरूण धुण्याची चाल कोल्हापुरात आजही आहे, आणि भाद्रपदाच्या अखेरीस पंचगंगेच्या घाटावर नि इतर पाणवठ्यांवर त्यासाठी गर्दी होते. भिजलेली वाकळ एका माणसाला उचलत नाही. दोघांनी दोन टोके धरून ती पिळावी लागते, आणि त्या पिळात सैल टाका टिकत नाही. धावदोऱ्याच्या दाटीमागे हे वार्षिक धुणेही आहे, ही गोष्ट वाकळीला केवळ कलावस्तू म्हणून पाहणाऱ्यांच्या लक्षातून सुटते.

१९७० नंतर टेरिकॉट, नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्या घरोघर आल्या तेव्हा या साऱ्या ज्ञानाचा पाया हलला. कृत्रिम धाग्याचे कापड विरत नाही, मऊ होत नाही, घाम शोषत नाही आणि एका थरावरून दुसरा थर घसरतो. त्याची वाकळ रंगीत दिसते, पण अंगाला चिकटते. बारदानही बदलले. १९८७ च्या कायद्याने धान्य आणि साखर यांसाठी तागाचे पोते बंधनकारक करून ताग उद्योगाला आधार देण्यात आला, परंतु पशुखाद्य प्लॅस्टिकच्या विणलेल्या पोत्यांत गेले. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या आणि ‘गोकुळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्हा दूध संघाचे पशुखाद्य आज अशाच पोत्यांतून गोठ्यात पोचते, आणि रिकामी पोती उसवून, एकमेकांना जोडून, धान्य वाळवण्याची किंवा गवत झाकण्याची ताडपत्री केली जाते. खाद्याच्या पोत्यापासून शिवणकाम ही प्रथा कोल्हापुरात कोठे सापडत असेल तर ती येथे, आणि तिला संग्राहक मिळालेला नाही.

वाकळीला मात्र अलीकडे संग्राहक मिळू लागले आहेत. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर इंग्रजीत सचित्र ग्रंथ लिहिला, उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या कवंदी परदेशी प्रदर्शनांत गेल्या, आणि बंगालच्या कांथ्याप्रमाणे गोधडीचेही नाव कलाव्यापारात घेतले जाऊ लागले. या संग्रहात एक मूलभूत अडचण आहे. अमेरिकी संग्राहकाला सुटे कापड मिळते. पिशवीच्या कडेला साखळीटाका उसवल्यावर राहिलेली भोकांची रांग पाहून ते खरोखर पिशवीचे आहे की दुकानातले, हे तो ठरवू शकतो. मंगळवार पेठेत सुटे कापड उरलेच नाही, कारण ते उरू न देणे हाच प्रथेचा हेतू होता. १९४० च्या आसपासचे लुगडे, मैद्याची पिशवी, शाहू मिलचे कापड हे आज पाहायचे असेल तर ते वाकळीच्या तिसऱ्या-चौथ्या थरात, आणि तेथे पोचण्यासाठी टाके उसवले तर वाकळ जाते. त्यामुळे अभ्यासकाच्या दृष्टीने धड वाकळीपेक्षा कडेला फाटलेली, कोपऱ्यात पोट उघडे पडलेली वाकळ अधिक उपयोगी ठरते: थर मोजता येतात, सुताची जाडी पाहता येते, छापाचे एखादे अक्षर वाचता येते. बाजारात किंमत याच्या नेमकी उलट लागते. विक्रेते फाटलेल्या वाकळीवर नवे आच्छादन शिवून ती विकतात, जे पेठेच्या जुन्या रीतीला धरूनच आहे, आणि कोणाच्या घरची, कोणी शिवलेली, कोणत्या साली, ही माहिती पहिल्याच व्यवहारात गळून पडते. ती टिकवायची असेल तर वाकळ विकत घेताना, शिवणारी बाई हयात असेल तोवर, तिच्याकडूनच थरांची यादी उतरवून घ्यावी लागते. कोणत्या लुगड्याच्या खाली काय आहे हे तिला न उसवता सांगता येते.