लोखंडी नांगर आणि त्याचे गिऱ्हाईक

महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाचा इतिहास सांगताना लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या पहिल्या लोखंडी नांगरांची कथा हटकून येते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बेळगाव येथील लहानशा कारखान्यात हे नांगर तयार झाले. परंतु लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे ते घेण्यास कोणी धजेना, आणि पहिला माल खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगतात. या कथेचा रूढ अर्थ असा की, कारखानदार दूरदर्शी होता आणि गिऱ्हाईक अडाणी होते. कालांतराने अज्ञान दूर झाले आणि नांगर खपू लागले. हा अर्थ कितपत ग्राह्य आहे आणि त्या दोन वर्षांचे वेगळे स्पष्टीकरण देता येते काय, याचा विचार येथे करावयाचा आहे. कोणत्याही लहान उद्योगापुढे आपले खरे गिऱ्हाईक कोण, हा जो प्रश्न असतो, त्याचे मर्म या उदाहरणात स्पष्ट दिसते.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत झाले. पुढे ते व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. त्यांनी व त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्या काळी सायकल ही शहरातील सुस्थित माणसाची वस्तू होती. वकील, सरकारी नोकर, व्यापारी यांच्या हाती रोख पैसा असे. नवी वस्तू घेण्यात त्यांना प्रतिष्ठा वाटे. आणि सायकल निकामी निघाली तरी त्यामुळे घरची चूल विझत नसे. या गिऱ्हाइकाची रीतभात दुकानदाराला ठाऊक होती, कारण तो स्वतः त्याच समाजात वावरत होता. कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यामागून नांगर तयार करण्यास आरंभ झाला, तेव्हा उद्योग तोच राहिला; गिऱ्हाईक मात्र पूर्णपणे बदलले.

आता विषाच्या समजुतीकडे वळू. अशी समजूत बोलून दाखविली जात असेल, यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु दख्खनचा परंपरागत नांगर सर्वस्वी लाकडी कधीच नव्हता. त्याचे खोड, हळस व रुमणे बाभळीसारख्या टणक लाकडाचे असे, पण जमिनीत शिरणारा फाळ लोखंडाचाच असे. म्हणजे लोखंड आणि माती यांचा संबंध शेतकऱ्याच्या पिढ्यानपिढ्यांच्या परिचयाचा होता. अशा स्थितीत लोखंडाची भीती हे नकाराचे संपूर्ण कारण मानणे कठीण आहे. अनोळखी विक्रेत्यापुढे मनातील सर्व अडचणी मांडण्यापेक्षा एक सर्वमान्य समजूत पुढे करणे सोपे असते. त्या समजुतीच्या आड कोणत्या अडचणी असू शकतील, हे तत्कालीन शेतीच्या व्यवस्थेवरून पाहता येते.

पहिली अडचण रोख पैशाची. गावचा सुतार नांगर, पाभर, कुळव घडवी व दुरुस्त करी. लोहार फाळ शेवटून देई. दोघेही बलुतेदार असल्यामुळे त्यांचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने दिला जाई. लाकूड बहुधा बांधावरचेच असे. लोखंडी नांगराला मात्र नगद रक्कम मोजावी लागे. दख्खनच्या शेतकऱ्याचे कर्जबाजारीपण १८७५ च्या दंग्यांनी उघड केले होते आणि १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा त्यातूनच निघाला होता. ज्याला सारा भरण्यासाठी सावकाराचे दार ठोठवावे लागे, त्याच्या दृष्टीने नव्या नांगराची किंमत हा केवळ किमतीचा प्रश्न नव्हता. ते एक नवे कर्ज होते.

दुसरी अडचण दुरुस्तीची. लाकडी नांगर मोडला तर सुतार त्याच दिवशी तो उभा करी. बिडाचा ओतीव भाग तडकला तर गावच्या लोहाराला तो भट्टीत घालून सांधता येत नाही. त्याच मापाचा नवा भाग कारखान्यातूनच यावा लागतो. नांगरटीचे दिवस मोजके असतात. त्या दिवसांत आठवडाभर नांगर अडून राहिला तर वर्षाची मशागत बिघडते. म्हणून शेतकरी नांगराबरोबर त्याच्या सुट्या भागांची शाश्वतीही विकत घेत असतो, आणि प्रारंभी विक्रेत्यापाशी ती शाश्वती पटवून देण्यासारखा पूर्वानुभव नव्हता.

तिसरी अडचण बैलांची. १८९९–१९०० च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात गुरांची भयंकर हानी झाली होती. माती उलथून टाकणारा नांगर खोल जातो, म्हणून त्याला ओढही चांगली लागते. भारी काळ्या जमिनीत लाकडी नांगरालाही अनेक बैल जुंपावे लागत. ज्याच्यापाशी एकच जोडी, तो सावड करून किंवा इर्जिक घालून काम उरकी. शिवाय अशा जमिनीत नांगरट दरवर्षी करण्याचा प्रघात नव्हता. बहुतेक वर्षी कुळवाच्या पाळ्यांवर भागत असे. तेव्हा लहान शेतकऱ्याला स्वतःच्या मालकीच्या भारी नांगराची गरजच मर्यादित होती.

या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे असे दिसते की, ‘शेतकरी’ नावाचे एकच एक गिऱ्हाईक अस्तित्वातच नव्हते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. तीत १७७१ मध्ये सरासरी सुमारे ४० एकर असलेली खातेदाराची जमीन १९१४–१५ पर्यंत सुमारे ७ एकरांवर आल्याचे दाखविले आहे. एका गावावरून सर्व देशाचे अनुमान करता येत नाही. तथापि ज्याची जमीन लहान व अनेक तुकड्यांत विखुरलेली आहे, त्याच्या नकारामागे अडाणीपणापेक्षा हिशेब अधिक होता, एवढे मान्य करावे लागते.

याउलट, ज्याच्या भारी जमिनीत हरळी व कुंदा माजला होता, ज्याच्या गोठ्यात दोन-तीन जोड्या होत्या, आणि ऊस, भुईमूग यांसारख्या विक्रीच्या पिकामुळे ज्याच्या हाती वर्षाकाठी रोकड येत होती, त्याला हाच नांगर वरदान होता. हरळीची मुळे खणून काढण्याची मजुरी आणि नांगराची किंमत यांची तुलना तो मनातल्या मनात करू शकत होता. आदर्श गिऱ्हाईक म्हणावयाचे तर ते हे. त्याच्या शेताच्या बांधावरून जाणारे इतर शेतकरी उलथलेली माती आणि पुढील हंगामाचे पीक डोळ्यांनी पाहत. त्यामुळे एका योग्य गिऱ्हाइकाची खरेदी हीच पुढील विक्रीची सुरुवात ठरण्याचा संभव होता. अशा गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्यास आणि त्याच्या शेतात नांगर एक-दोन हंगाम टिकल्याचे इतरांना दिसण्यास लागणारा काळ हिशेबात घेतला, तर दोन वर्षांचा अवधी मुळीच आश्चर्यकारक वाटत नाही.

पुढील घटनाही या दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत. बेळगावची जागा नगराच्या विस्तारामुळे सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर १९१० मध्ये कारखाना आला. हे स्थलांतर गिऱ्हाइकासाठी योजून झाले नव्हते. ते परिस्थितीने लादले होते. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, कारखाना कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीच्या, उसाच्या व भुईमुगाच्या प्रदेशात, आणि तोही लोहमार्गाच्या कडेला येऊन बसला. नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे व पाण्याचे पंप किर्लोस्करवाडीत तयार होऊ लागले. ही यादी एकाच प्रकारच्या शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कामांची यादी आहे, हे सहज ध्यानात येते. आधी वस्तू घडवून मग गिऱ्हाईक शोधण्याचा क्रम येथे उलटा झालेला दिसतो.

१९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेणे हा त्याचा आरंभीचा हेतू होता. खेड्यात साक्षरता अत्यल्प होती. तेव्हा असे पत्र ज्याच्या हाती पडे तो बहुधा पाटील, कुलकर्णी, शिक्षक किंवा शिकलेला बागाईतदार असणार. नांगर ओढणारा तो नसेल, पण नांगर घ्यावा की न घ्यावा, या चर्चेत त्याच्या शब्दाला वजन होते. त्या वाचकाला केवळ यंत्राच्या वर्णनात गोडी राहणार नाही, हे ओळखून पत्राचे स्वरूप पालटत गेले आणि त्यातून एक सर्वसामान्य मराठी मासिक उभे राहिले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके त्याच संस्थेतून निघाली. वाचक निरनिराळे आहेत, म्हणून मासिकेही निराळी हवीत, ही जाणीव नांगराच्या व्यापारातील जाणिवेशी जुळणारी आहे.

सारांश, लोखंडी नांगराची कथा अज्ञानावर ज्ञानाने मिळविलेल्या विजयाची म्हणून सांगितली, तर तीत शेतकऱ्यावर अन्याय होतो आणि कारखानदाराच्या खऱ्या कर्तृत्वावरही पडदा पडतो. गिऱ्हाइकाचा नकार हा त्याच्या जमिनीचा, बैलांचा, कर्जाचा आणि हंगामाचा दाखला होता. तो ज्याला वाचता आला, त्याचा कारखाना टिकला. ज्या शेतकऱ्यांनी नांगर कधीच घेतला नाही, त्यांची नोंद मात्र कोणत्याही कारखान्याच्या इतिहासात सापडत नाही. त्यांचा हिशेब ज्याला मांडावयाचा असेल, त्याने ओतशाळेकडे न पाहता बलुत्याच्या खळ्याकडे आणि सावकाराच्या वहीकडे वळले पाहिजे.