सरड्यांची देहबोली

सरड्यांची देहबोली म्हणजे सरडे आपली शरीरस्थिती, डोक्याच्या व शेपटीच्या हालचाली, गळ्याची त्वचा, शरीराचा रंग, उघडे तोंड आणि आवाज यांद्वारे देत असलेले संकेत. हे संकेत मुख्यतः स्वजातीय नर-माद्यांसाठी, प्रतिस्पर्ध्यांसाठी व भक्षकांसाठी असतात. पाळीव सरड्याला हाताळून माणसाळवताना त्याची भीती, राग, आजार किंवा स्वस्थता ओळखण्याचे ते एक मुख्य साधन असते. सरड्यांना सस्तन प्राण्यांसारखी चेहऱ्याची हालचाल करता येत नाही व त्यांपैकी बहुतेक आवाजही करीत नाहीत. त्यामुळे त्यांच्या संकेतांचा अर्थ लावताना माणसाची गफलत होते. हातावर निश्चल बसलेला सरडा माणसाळला आहे असे समजणे ही त्यांतील सर्वांत सामान्य चूक आहे.

## व्याप्ती

मराठीत ‘सरडा’ हा शब्द प्रामुख्याने कुंपणावर व झाडांवर दिसणाऱ्या बाग सरड्यासाठी वापरला जातो. प्राणिशास्त्रात मात्र पाल, सापसुरळी, घोरपड, घोयरा (शॅमेलिऑन) आणि परदेशी इग्वाना हे सर्व सरड्यांच्याच गटात मोडतात. या लेखात तो शब्द याच व्यापक अर्थाने वापरला आहे. पाळीव प्राणी म्हणून जगभर हिरवा इग्वाना, ऑस्ट्रेलियातील दाढीवाला सरडा (बिअर्डेड ड्रॅगन) आणि बिबट्या पाल (लेपर्ड गेको) हे विशेष प्रचलित आहेत.

## संकेतांचे प्रकार

डोके व पुढचे पाय. डोके वरखाली हलवणे आणि पुढच्या पायांवर शरीर उचलून जोर काढल्यासारखी हालचाल करणे हे हद्द राखणाऱ्या नराचे लक्षण आहे. बाग सरड्याचा नर विणीच्या हंगामात, म्हणजे उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या आरंभी, उंच जागी बसून ही हालचाल वारंवार करतो. दाढीवाला सरडा एक पुढचा पाय उचलून हवेत हळूहळू गोल फिरवतो. ते शरणागतीचे चिन्ह आहे. पाहणाऱ्याला ते अभिवादनासारखे वाटते, पण बलवान प्रतिस्पर्ध्याला ‘मी लढणार नाही’ एवढेच त्यातून कळवले जाते.

गळा. अनेक जातींच्या नरांच्या गळ्याखाली त्वचेची घडी असते. पश्चिम घाटातील उडत्या सरड्याचा नर आपली पिवळी गळपिशवी पुढे काढून दाखवतो. दाढीवाला सरडा गळा फुगवून काळा करतो. हिरवा इग्वाना गळ्याखालची झालर ताणून धरतो. अनोळखी हात जवळ येताच झालर ताणली गेली, तर तो इशारा समजावा लागतो.

रंग. सरड्याच्या रंगबदलाला पार्श्वभूमीशी मिसळून जाण्यापलीकडे तापमान, प्रकाश व मनःस्थिती हीही कारणे असतात. विणीच्या काळात बाग सरड्याच्या नराचे डोके व खांदे लालसर होतात आणि गळ्यावर काळा डाग उठून दिसतो. घोयरा डिवचला गेल्यास गडद होतो. थंडीतही सरडे गडद होतात, कारण गडद रंगामुळे ऊन अधिक शोषले जाते. म्हणून रंगाचा अर्थ एकट्याने न लावता शरीरस्थिती व तापमान यांच्याबरोबर लावला जातो.

शरीराचा आकार. भक्षकासमोर मोठे दिसण्यासाठी सरडे अंग फुगवतात, आडवे पसरवतात किंवा घोयऱ्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी चपटे करून कुशीची बाजू समोर धरतात. घोरपड ढोलीत किंवा दगडांच्या फटीत शिरून अंग फुगवते, त्यामुळे तिला ओढून काढणे अवघड जाते.

शेपटी. घोरपड व इग्वाना शेपटीचा चाबकासारखा तडाखा देतात. त्याआधी शेपूट एका बाजूला वळवून धरलेली दिसते. बिबट्या पाल घाबरली असता शेपूट वर उचलून हळूहळू डोलवते. भक्ष्यावर नजर असताना मात्र शेपटीचे फक्त टोक जलद थरथरते. पाली व सापसुरळ्या जीव वाचवण्यासाठी शेपूट तोडून टाकतात व ती पुन्हा वाढते. घोरपडीची शेपूट अशी पुन्हा वाढत नाही.

जीभ व तोंड. घोरपडीची दुभंगलेली जीभ हवेतील गंधकण टाळूतील जेकबसन इंद्रियापर्यंत नेते. जीभ बाहेर काढत राहणे हे परिसर तपासण्याचे लक्षण आहे, धमकीचे नव्हे. उघड्या तोंडाचे तीन अर्थ संभवतात. उन्हात बसलेला सरडा अंगातील उष्णता कमी करण्यासाठी तोंड उघडतो, डिवचलेला सरडा धमकी म्हणून उघडतो आणि श्वसनसंस्थेचा विकार झालेला सरडा श्वास घेता येत नाही म्हणून उघडतो.

## निश्चलता आणि माणसाळणे

पकडलेला सरडा निश्चल होण्याची चार कारणे असू शकतात व बाहेरून ती जवळजवळ सारखीच दिसतात.

पहिले कारण भीती. भक्षकाचे लक्ष हालचालीकडे वेधले जाते, म्हणून थिजून राहणे ही सरड्यांची पहिली संरक्षणात्मक प्रतिक्रिया असते. दुसरे कारण ताठरता. काही सरडे उताणे केले किंवा दाबून धरले असता काही काळ मृतवत पडून राहतात. ही अनैच्छिक अवस्था असून तिचा झोपेशी संबंध नसतो. तिसरे कारण तापमान. सरडे बाह्य उष्णतेवर अवलंबून असल्यामुळे थंड शरीराच्या सरड्याला वेगाने पळणे जमत नाही. सकाळी गारठलेला सरडा ‘शांत’ वाटतो आणि ऊन लागताच ‘बिथरतो’ ते यामुळे. चौथे कारण खरी सवय, म्हणजे वारंवार येणाऱ्या निरुपद्रवी अनुभवाला प्रतिसाद देणे हळूहळू कमी होणे.

माणसाळणे या शब्दाने हे चौथे कारणच अभिप्रेत असते. ते ओळखण्यासाठी सरडा हालतो की नाही यापेक्षा कसा हालतो हे पाहिले जाते. सवय झालेला सरडा हातावर मोकळेपणाने चालतो, जीभ काढून तपासतो, दोन्ही डोळ्यांनी आसपास पाहतो आणि त्याचा श्वास संथ असतो. घाबरलेल्या सरड्याचे अंग ताठ, पाय शरीराला चिकटलेले आणि श्वास जलद असतो. हाताळताना इग्वाना डोळे मिटतो तेव्हा तो कुरवाळण्याचा आनंद घेत आहे असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात नको असलेल्या अनुभवापासून सुटण्याचाही तो एक मार्ग असू शकतो. ज्या बाजूला हात आहे त्याच बाजूचा डोळा मिटलेला असणे हे त्याचे विशेष चिन्ह मानले जाते.

## चाळकेवाडीतील अभ्यास

सरड्याची भीती आणि त्याचे बाह्य वर्तन यांच्या संबंधाचा एक महत्त्वाचा अभ्यास सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी पठारावर झाला. गळ्याला पंख्यासारखी घडी असलेल्या सरड्यांच्या एका गटाला व्ही. दीपक, वरद गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘सराडा’ हे प्रजातिनाम दिले. ते मराठी ‘सरडा’ या शब्दावरूनच घेतलेले आहे. त्यांपैकी ‘सराडा सुपर्बा’ ही जात चाळकेवाडीला आढळते. तिच्या नराच्या गळ्यावर निळा, काळा व नारिंगी असे रंग असतात.

मारिया ठाकर, अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पवनचक्क्या असलेल्या व नसलेल्या भागांची तुलना केली. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी होते व सरड्यांची संख्या अधिक होती. तेथील सरडे माणसाला बरेच जवळ येऊ देत, त्यांच्या रक्तातील ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी कमी होती आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके होते.

या सरड्यांना कोणी हाताळले नव्हते. डोक्यावरचा धोका कमी झाल्याने त्यांचे वर्तन व शरीरक्रिया दोन्ही बदलल्या होत्या. धीटपणा हा धोक्याच्या अनुभवावर अवलंबून असतो आणि तो खरा असेल तर शरीराच्या आतही उतरलेला असतो, हे यातून दिसते. पकडून ठेवल्यामुळे आलेल्या निश्चलतेला ही कसोटी लागू पडत नाही.

## हाताळणीची तत्त्वे

घार, शिक्रा असे पक्षी सरड्यांवर वरून झडप घालतात. त्यामुळे वरून येणारा हात सरड्याला भक्षकासारखा भासतो. हात बाजूने, सरड्याच्या पातळीवर व त्याला दिसेल असा नेणे ही हाताळणीची पहिली पायरी होय.

नव्याने आणलेल्या सरड्याला जागेची सवय होईपर्यंत हात लावला जात नाही. पुढे काही दिवस पिंजऱ्यात हात नुसता ठेवला जातो. सरडा स्वतःहून हातावर चढल्यास चारही पायांना व पोटाला आधार देऊन त्याला थोडा वेळ उचलले जाते. शेपटीने किंवा एका पायाने धरले जात नाही. भीतीची लक्षणे दिसू लागताच, सरडा धडपडण्याच्या आधीच, त्याला खाली ठेवले जाते. धडपड केल्यावरच सुटका होते असे त्याच्या अनुभवास आले, तर धडपड व चावा हीच सवय होऊन बसते. खाल्ल्यानंतर लगेच, कात टाकताना व आजारात हाताळणी टाळली जाते. सरड्यांच्या शरीरावर साल्मोनेला जीवाणू असू शकतात, म्हणून हाताळणीनंतर साबणाने हात धुणे आवश्यक असते.

| संकेत | होणारा गैरसमज | संभाव्य अर्थ |
|---|---|---|
| ताठ, निश्चल अंग | शांत झाला | भीती किंवा गारठा |
| मिटलेले डोळे | आवडते आहे | संपर्क टाळणे, आजार |
| पुढचा पाय फिरवणे | अभिवादन | शरणागती |
| गडद गळा, फुगलेले अंग | रागीट स्वभाव | बचावाचा इशारा |
| जीभ काढत चालणे | चावणार | परिसर तपासणे |
| काचेवर सतत पाय मारणे | खेळकरपणा | अस्वस्थता, अपुरी जागा |

## सिंधुदुर्ग जिल्ह्यातील संदर्भ

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, वेंगुर्ले व देवगड या किनारी तालुक्यांत जांभ्या दगडाचे सडे, काजू-आंब्याच्या बागा, दगडी गडगे आणि कौलारू घरे यांमुळे सरड्यांना विपुल आसरा मिळतो. घोरपड, बाग सरडा, सापसुरळी व घरपाल या वस्तीजवळ सहज दिसणाऱ्या जाती आहेत.

घोरपड भक्ष्य व अंडी शोधत कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत येते. पूर्ण वाढलेली घोरपड शेपटीसह दीड मीटरहून अधिक लांब भरू शकते. कोंडीत सापडल्यास ती गळा फुगवून मोठ्याने फुत्कारते, शेपूट वळवते आणि तरीही वाट न मिळाल्यास चावते. प्रत्येक टप्प्यावर तिचा हेतू पळून जाण्याचा असतो. फुत्कार ऐकून मागे सरकले व एक बाजू मोकळी ठेवली, तर ती बहुधा निघून जाते. हा फुत्कार विषारी असल्याची समजूत निराधार आहे. जखमी किंवा अडकलेल्या प्राण्याची माहिती वन विभागाला देणे हा योग्य मार्ग आहे. जिल्ह्याचे क्षेत्र सावंतवाडी वन विभागाकडे येते.

परदेशी सरडे पाळताना कोकणचे हवामानही अडचणीचे ठरते. दाढीवाला सरडा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील प्राणी आहे. पावसाळ्यातील दमट हवेत व अपुऱ्या उन्हात त्याला श्वसनाचे विकार होऊ शकतात. अशा वेळी मंदावलेल्या हालचाली व उघडे तोंड यांकडे ‘माणसाळला’ किंवा ‘ऊन खातो आहे’ असे समजून दुर्लक्ष झाल्यास उपचारांना उशीर होतो.

## कायदेशीर स्थिती

घोरपड वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पकडणे व सापळा लावणे यांचाही समावेश होतो. त्यामुळे घोरपडीचे पिल्लू माणसाळवण्यासाठी घरी आणणे हाही गुन्हा ठरतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षे कारावास व किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. मांस, कातडे व तेलासाठी घोरपडीची हत्या होते. तिच्या नराचे वाळवलेले जननांग ‘हाथा जोडी’ या नावाने वनस्पतीचे मूळ म्हणून विकले जात असल्याचेही उघडकीस आले आहे.

वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या ‘साइट्स’ करारातील परदेशी जाती याच दुरुस्तीने चौथ्या अनुसूचीत आणल्या गेल्या. हिरवा इग्वाना या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. चौथ्या अनुसूचीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश २.०’ या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक आहे.

## भाषा व लोकपरंपरा

सरड्यांच्या वर्तनाचे निरीक्षण मराठी भाषेत खोलवर रुजलेले आहे. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण बाग सरड्याच्या मर्यादित हद्दीला व ठरलेल्या आसऱ्याकडे पळण्याच्या सवयीला अनुसरून आहे. ‘सरड्यासारखे रंग बदलणे’ या वाक्प्रचारात रंगबदलाला लबाडीचा अर्थ चिकटला. प्रत्यक्षात सरड्याचा रंग त्याची अवस्था लपवण्याऐवजी बहुधा उघड करतो. ‘मनात शंकेची पाल चुकचुकणे’ यातील चुकचुक हा घरपालींचा परस्परांशी चालणारा ध्वनिसंकेत होय.

माणसाळवलेल्या सरड्याची महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध कथा तानाजी मालुसरे यांच्या ‘यशवंती’ घोरपडीची आहे. १६७० मध्ये कोंढाणा घेताना तिच्या कमरेला दोर बांधून मावळे कडा चढले, असे लोककथा व पोवाडे सांगतात. कथेनुसार घोरपड पहिल्यांदा अर्ध्यातून परत फिरली आणि तो अपशकुन मानला गेला. घोरपडीच्या चिकाटीशी ‘घोरपडे’ या आडनावाचीही आख्यायिका जोडली जाते. या कथांतून घोरपडीच्या चढण्याच्या व धरून ठेवण्याच्या सामर्थ्याचे निरीक्षण दिसते. घोरपड प्रशिक्षित करता येते याचा पुरावा म्हणून मात्र त्या ग्राह्य धरता येत नाहीत.

## हे सुद्धा पहा

* घोरपड
* पाल
* चाळकेवाडी
* वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२