जमिनीच्या जलशोषणाचे मापन : मुक्ताईनगर परिसर व तापी खोऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

खानदेशातील सिंचनाचा इतिहास आजवर मुख्यतः बंधारे, पाट आणि धरणे यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीचा अभ्यास अनेकांनी केला असून तो रास्तही आहे. परंतु नदीतून वळविलेल्या पाण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व शेतावर पडलेल्या पावसाला आहे. त्यातील किती पाणी जमिनीत मुरते, किती वेगाने मुरते आणि किती नाल्यावाटे वाहून जाते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांनी भूवैज्ञानिकांवर सोपवून दिल्यासारखा दिसतो. वास्तविक या प्रश्नालाही स्वतःचा इतिहास आहे. जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, तापी-पूर्णा संगमाजवळ वसलेले मुक्ताईनगर हे त्या इतिहासाच्या अभ्यासासाठी सोयीचे ठिकाण आहे, कारण पाणी धरून ठेवणारी जमीन आणि पाणी पिऊन टाकणारी जमीन येथून फारशा अंतरावर नाहीत.

दोन शेजारी, दोन भूमी :

अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त दानदेशच्या, म्हणजे खानदेशच्या, वर्णनात आदिलाबाद या गावाचा उल्लेख येतो. हेच पुढील काळातील एदलाबाद व आजचे मुक्ताईनगर होय. गावाजवळ एक पवित्र तलाव असून तो बारमाही भरलेला असतो आणि त्यावर बरीच जमीन भिजते, असा त्या वर्णनाचा आशय आहे. त्याच प्रकरणात चांगदेव येथील तापी-पूर्णा संगमाचेही माहात्म्य नोंदविले आहे. संगमाच्या परिसरातील जमीन प्रामुख्याने काळी, चिकण व भारी आहे. अशी माती एकदा फुगली की तिच्यातून पाणी फारच सावकाश उतरते. वर्षभर पाणी टिकविणाऱ्या तलावाचे वर्णन मातीच्या या गुणाशी जुळणारे आहे.

येथून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आत असलेल्या बुऱ्हाणपुरात मात्र नेमका उलट विचार झाला. जहांगीरच्या कारकिर्दीत, इ. स. १६१५च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या आश्रयाने तबकुतुल अर्ज या इराणी भूजलज्ञाने शहरासाठी भूमिगत जलवाहिन्यांची योजना आखली. त्यांपैकी कुंडी भंडारा ही आजही पाहावयास मिळते. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरून तापीकडे सरकणारे पाणी वाटेतच अडवून, शंभरावर कुंड्यांना जोडणाऱ्या बोगद्यातून ते उताराने शहराकडे आणले गेले. या योजनेचा पाया एकाच निरीक्षणावर उभा आहे. ते म्हणजे डोंगराच्या पायथ्याची जमीन पाणी झपाट्याने पिते आणि ते खालच्या अंगाला परत देते. मोजमापाचे उपकरण नसतानाही भूमीच्या शोषणशक्तीचा अंदाज किती अचूक बांधता येतो, याचा याहून बोलका पुरावा खानदेशात शोधावा लागेल.

या फरकाचे कारण भूरचनेत आहे. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याला रावेर, यावल व चोपडा तालुक्यांतून दगडगोटे, वाळू व रेती यांचा एक पट्टा जातो. अभ्यासक त्याला 'बझाडा' म्हणतात. डोंगरातून वेगाने उतरणारे नाले या पट्ट्यात शिरताच आपले पाणी गमावतात. पट्ट्याच्या दक्षिणेस तापीचे गाळाचे मैदान पसरले असून काही ठिकाणी त्याची जाडी शंभर मीटरहून अधिक आहे. या गाळात वाळूचे व चिकणमातीचे थर आलटून पालटून येतात. वर चिकणमातीचा थर असेल तर खाली उत्तम वाळू असूनही पाणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पुढील काळातील बरेच वाद या एका गोष्टीभोवती फिरतात.

मापनाची साधने :

पाणी मातीतून कसे जाते याचा शास्त्रीय विचार युरोपात एकोणिसाव्या शतकात स्थिरावला. फ्रान्समधील दिजाँ शहराचा पाणीपुरवठा पाहणारा अभियंता आंरी दार्सी याने १८५६ मध्ये वाळूच्या स्तंभावरील प्रयोगांतून पाझराचा नियम मांडला. १९११ मध्ये ग्रीन व अँप्ट यांनी कोरड्या मातीत शिरणाऱ्या पाण्याचे गणित दिले. पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट हॉर्टन याने असे दाखवून दिले की जमिनीची शोषणशक्ती पावसाच्या आरंभी अधिक असते, नंतर ती झपाट्याने घटते आणि शेवटी एका ठरावीक दरावर स्थिरावते. पावसाचा जोर या दराहून अधिक झाला की उरलेले पाणी पृष्ठभागावरून धावू लागते. पूरपाण्याच्या व्यवस्थापनाचे सारे हिशेब शेवटी या अखेरच्या, स्थिर दरापाशी येतात.

हा दर शेतात मोजण्याची रीत साधी आहे. तीस व साठ सेंटिमीटर व्यासाची दोन लोखंडी कडी एकाच मध्यबिंदूभोवती जमिनीत ठोकतात. दोन्हींत पाणी भरतात, परंतु मोजतात ते फक्त आतल्या कड्यातील. बाहेरच्या कड्यातील पाणी आतल्या पाण्याला आडवे पसरू देत नाही, त्यामुळे आतले पाणी सरळ खाली उतरते. आरंभी दर पाच मिनिटांनी, नंतर दीर्घ अंतराने पाण्याची पातळी किती घटली ते नोंदवायचे आणि लागोपाठच्या नोंदी सारख्या येईपर्यंत थांबायचे. भारी जमिनीत या थांबण्याला काही तास लागतात. घाई येथेच होते.

अन्न व कृषी संघटनेच्या सिंचनविषयक मार्गदर्शिकेनुसार वाळूत हा स्थिर दर तासाला ३० मिलिमीटरहून अधिक, पोयट्याच्या मातीत १० ते २०, तर चिकणमातीत अवघा १ ते ५ मिलिमीटर असतो. भिजून फुगलेल्या काळ्या जमिनीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि तिचा दर ५ मिलिमीटर धरला, तर एका हेक्टरवरून सुमारे साडेचार लाख लिटर पाणी एका तासात बाहेर पडते. तापी व पूर्णेच्या काठांवर नाल्यांनी पाडलेल्या खोल घळी या हिशेबाचाच परिणाम होत.

काळ्या जमिनीची आणखी एक खोड आहे. मे महिन्यात तिला हातभर भेगा पडतात. त्या वेळी कडी ठोकून पाणी ओतले तर ते क्षणात गडप होते आणि वाळूलाही लाजविणारा आकडा मिळतो. तीच चाचणी ऑगस्टमध्ये, भेगा मिटल्यावर, घेतली तर पाणी तासन्‌तास जागचे हलत नाही. उन्हाळ्यातील आकड्यावर विसंबून बांधलेला शोषखड्डा पावसाळ्यात तुंबतो, याचे कारण बांधकामातील दोषात शोधण्याआधी चाचणीच्या तारखेत शोधणे योग्य ठरेल.

आकड्यांवर उभी धोरणे :

महाराष्ट्रात १९७०च्या दशकाच्या प्रारंभी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. त्याच सुमारास, १९७२-७३च्या दुष्काळात व पुढे रोजगार हमी योजनेतून, राज्यभर पाझर तलावांची कामे निघाली. हाताला काम देणे हा त्यांचा पहिला हेतू होता आणि त्या काळात तो सर्वथैव योग्य होता. परंतु तलावाची जागा ठरविताना मजुरांची उपलब्धता आणि जागेची सोय यांना जे महत्त्व मिळाले, ते तळाच्या मातीच्या शोषणदराला मिळाले नाही, असेच म्हणावे लागते. नाव पाझर तलाव आणि तळ मात्र चिकणमातीचा, असे अनेक तलाव त्यातून निर्माण झाले.

भूजल अंदाज समितीने १९९७च्या निकषांत पावसाचा किती हिस्सा भूजलात उतरतो याची प्रमाणे दिली. आतल्या प्रदेशातील गाळाच्या जमिनीस २२ टक्के, सच्छिद्र व सांध्यांच्या बेसाल्टला १३ टक्के आणि झिजलेल्या बेसाल्टला ७ टक्के. सातशे मिलिमीटर पाऊस धरल्यास गाळाच्या प्रदेशात एका हेक्टरला सुमारे १५ लाख ४० हजार लिटर, तर झिजलेल्या बेसाल्टवर ४ लाख ९० हजार लिटर पाणी जमिनीत जाते. प्रत्यक्ष मोजणी नसेल तेथे हे निकष उपयोगी पडतात. परंतु त्यांत 'गाळ' हा एकच शब्द असून त्याखाली बझाड्याची रेती आणि संगमाकाठची चिकणमाती या दोघींना कोंबता येते, हा धोका दुर्लक्षिता येत नाही.

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागांसाठी नलिकाकूपांची संख्या वाढली व पाण्याची पातळी खोल गेली, तेव्हा १९९०च्या दशकात केंद्रीय भूजल मंडळाने यावल तालुक्यातील टीई-१७ या पाणलोटात कृत्रिम पुनर्भरणाचे प्रयोग केले. बझाड्याच्या पट्ट्यात पाझर तलाव आणि जेथे वर चिकणमाती आहे तेथे ती भेदून जाणारे पुनर्भरण कूप, अशी ही विभागणी होती. जमीन पाहून उपाय ठरविण्याची ही रीत खरे तर सर्वत्र रूढ व्हावयास हवी होती.

घडले ते थोडे निराळे. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात निवृत्त भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली व अमरीशभाई पटेल यांच्या पुढाकाराने २००४पासून नाले रुंद व खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधण्यात आले. वरचा चिकणमातीचा थर पाण्याला अडवितो, म्हणून तो काढून वाळूचा थर मोकळा करावा, हे खानापूरकरांचे प्रतिपादन तापीच्या गाळापुरते भक्कम आहे. विहिरींना पाणी आल्याने 'शिरपूर पॅटर्न'चा बोलबाला झाला आणि अल्पावधीत राज्याच्या कठीण खडकाच्या प्रदेशातही नाल्यांचे खोलीकरण सुरू झाले. तेथे भेदण्यासाठी चिकणमातीचा थर नव्हता. उलट अतिखोल खणल्याने झिजलेल्या खडकातील उथळ जलधर उघडा पडून त्यातील पाणी नाल्यात निचरून जाण्याची भीती अनेक भूजलतज्ज्ञांनी व्यक्त केली. दोष पॅटर्नचा कमी, तो जमिनीची चाचणी न घेता उचलण्याचा अधिक होता.

तापीचे महापुनर्भरण :

सातपुड्याच्या पायथ्याने कालवे काढून तापीचे पूरपाणी बझाड्यात मुरवावे, ही कल्पना अनेक वर्षे चर्चेत होती. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात तिच्यासंबंधी सामंजस्य करार झाला. खारिया गुटीघाट येथे तापीवर वळण बंधारा प्रस्तावित असून एकूण ३१.१३ टीएमसी पाण्यापैकी १९.३६ महाराष्ट्राला व ११.७६ मध्य प्रदेशाला मिळावयाचे आहे. जी कल्पना १६१५ मध्ये एका शहराच्या तहानेपुरती होती, ती आता दोन राज्यांच्या शेतीसाठी विस्तारली आहे.

या योजनेच्या दृष्टीने एक तपशील निर्णायक ठरतो. तापीला वळविण्याजोगे पाणी पावसाळ्यातच असते आणि तेव्हा ते गढूळ असते. गढूळ पाण्यातील बारीक माती रेतीच्या छिद्रांत बसते व शोषणाचा दर उतरत जातो. १९८२ मध्ये पूर्ण झालेल्या हतनूर धरणाला पूर्णेच्या गाळाने किती ग्रासले आहे, हे या परिसराला सांगावे लागत नाही. मे महिन्यात नलिकाकूपाच्या स्वच्छ पाण्याने घेतलेली चाचणी आणि ऑगस्टमध्ये नदीच्या गढूळ पाण्याने घेतलेली चाचणी बझाड्यात एकच उत्तर देणार नाहीत. यांपैकी कोणता आकडा आराखड्यात जातो, त्यावर कालव्यांची लांबी, गाळ बसविण्याच्या टाक्या आणि दरवर्षी तळ खरवडण्याचा खर्च ठरणार आहे.