झाकण कोणी उघडले?
षड्रिपू, दैत्य आणि लोणारचा लवणासुर

बुलढाणा जिल्ह्यात दैत्यांची वाण नाही. मेहकरचे नाव मेघंकर नावाच्या दैत्यावरून पडले आणि त्याला शार्ङ्गधराने मारले, असे तिकडे सांगतात. मेहकरपासून जवळच लोणार आहे. तिथल्या दैत्याचे तर घरच अजून शाबूत आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, जवळजवळ वर्तुळाकार विवर, तळाशी खारे पाणी, काठावर आणि आत जुनी देवळे. कथा अशी की लवणासुर, म्हणजे लोकांच्या तोंडचा लोणासुर, इथे जमिनीखाली राहत असे. आजूबाजूच्या मुलुखाला त्याने त्राही भगवान करून सोडले, पुढे देवांवरही त्याची नजर गेली. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या दोन बहिणींना भुलवले आणि त्यांच्याकडून भावाच्या लपण्याची जागा काढून घेतली. पायाच्या अंगठ्याने घराचे झाकण उडवले. झोपलेला दैत्य उठला, लढला आणि मेला. तळ्याचे पाणी म्हणजे त्याचे रक्त, काठाला साचणारा क्षार म्हणजे त्याचे मांस. उडालेले झाकण म्हणून दूरवरची शंकूच्या आकाराची एक टेकडी दाखवली जाते. विष्णूला इथे नाव मिळाले ते दैत्यसूदन. त्या नावाचे देऊळ गावात आहे आणि त्याच्या छतावर या वधाचे शिल्पही आहे.

कथा ऐकल्यावर एक साधा प्रश्न पडतो. या दैत्याचा दुर्गुण कोणता? आपल्या मनाची सवय अशी की दैत्य दिसला की त्याच्या कपाळावर एखादा रिपू चिकटवायचा. रावण म्हणजे काम, दुर्योधन म्हणजे मत्सर, बकासुर म्हणजे खादाडपणा. लवणासुराच्या कपाळावर काय चिकटवणार? त्याच्या नावात फक्त मीठ आहे. (रामायणाच्या उत्तरकांडात शत्रुघ्नाने मथुरेजवळ मारलेला लवण हा निराळा. त्याला वारशाने शिवाचा शूल मिळाला होता. तो शूल घरी ठेवून भक्ष्य आणायला बाहेर पडला आणि परतताना दारातच गाठला गेला. त्याच्याबाबतीत मद आणि भूक दोन्ही बोलता येतात. लोणारच्या लवणाबाबत तसे काही हाती लागत नाही.)

दुर्गुणांना माणसे वाटून देण्याचा हा खेळ आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्याचा सर्वांत काटेकोर डाव मांडला आहे तो एका राजनीतीच्या ग्रंथात. १९०५ साली म्हैसूरला शामशास्त्रींच्या हाती कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी आली आणि १९०९ मध्ये ती छापून निघाली. त्यात पहिल्याच अधिकरणात इंद्रियजयाचा विषय येतो. काम, क्रोध, लोभ, मान, मद आणि हर्ष हा तिथला अरिषड्वर्ग. आपल्या पाठांतरातले मोह आणि मत्सर त्यात नाहीत. प्रत्येक शत्रूसाठी कौटिल्य दोन-दोन बुडालेली उदाहरणे देतो. कामासाठी दांडक्य भोज आणि कराल वैदेह. क्रोधासाठी ब्राह्मणांवर चालून गेलेला जनमेजय आणि भृगूंवर उलटलेला तालजंघ. लोभासाठी चारही वर्णांना पिळून काढणारा ऐल, त्याच्या जोडीला सौवीर अजबिंदु. मदासाठी दंभोद्भव आणि हैहय अर्जुन, हर्षासाठी अगस्त्याच्या वाटेला गेलेला वातापी आणि द्वैपायनाची खोडी काढणारा वृष्णिसंघ.

मानाच्या खात्यावरची नावे मात्र चकित करणारी आहेत: रावण आणि दुर्योधन. रावण बुडाला तो परस्त्रीच्या अभिलाषेने, असे आपण शाळेपासून ऐकतो. कौटिल्य म्हणतो, पळवून आणलेली परस्त्री त्याने परत केली नाही, म्हणून बुडाला. दुर्योधनाने राज्याचा वाटा दिला नाही, म्हणून तो बुडाला. दोघांचेही पाप ‘मागे न घेणे’ हे आहे. अभिलाषा किंवा हेवा हे त्याच्या हिशेबात दुय्यम. राजाचे चुकणे त्याला अपेक्षितच आहे. चूक दुरुस्त करायला आडवा येणारा ताठा त्याला राज्यबुडवा वाटतो. एवढ्या एका वाटणीवरून ग्रंथकर्त्याचा वाचक कोण होता ते कळते. हे भक्ताला किंवा संसारी माणसाला सांगितलेले नाही, सिंहासनावर बसणाऱ्याला सांगितलेले आहे. शिवाय ही बारा नावे राजांची, सत्ताधाऱ्यांची आणि एका संघाची आहेत. ऐलाचा लोभ म्हणजे करवसुली. साध्या माणसाच्या लोभाची कौटिल्याला फारशी चिंता दिसत नाही.

पश्चिमेकडची यादीही अशीच कोणासाठी तरी बनली. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रिअस नावाच्या साधकाने आठ दुष्ट विचार मोजले. ते मठवासीयांसाठी होते आणि त्यांची सुरुवात खादाडपणापासून होते. उपास करणाऱ्याला पहिला शत्रू पोटातच भेटणार. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी याने यादी फिरवली, अहंकाराला सर्वांचे मूळ ठरवले आणि त्याखाली सात ठेवले. नंतरच्या काळात खिन्नतेच्या जागी आळस आला आणि आज माहीत असलेली सात पापे तयार झाली. मार्लोच्या डॉक्टर फॉस्टस नाटकात ही साती जणी रंगमंचावर येऊन आपापली ओळख करून देतात.

आपल्याकडे हे त्याआधी पाचशे वर्षे झाले होते. अकराव्या शतकात चंदेल राजा कीर्तिवर्म्याच्या काळात कृष्णमिश्राने ‘प्रबोधचंद्रोदय’ लिहिले. त्यात महामोह राजा आहे, काम, क्रोध, लोभ, अहंकार त्याच्या पदरी आहेत आणि समोर विवेकाची फौज. कृष्णमिश्राने या मंडळींना संसार लावून दिला आहे. कामाची बायको रती, क्रोधाची हिंसा, लोभाची तृष्णा. लोभ-तृष्णेचा मुलगा दंभ, दंभाचा मुलगा अनृत, आणि अहंकार हा दंभाचा आजोबा. काशीला दंभाच्या घरी हा आजोबा येतो आणि नातवाला ओळखतच नाही, हा प्रवेश वाचताना आजही हसू आवरत नाही. दुर्गुण एकटा नसतो, त्याचे सोयरेधायरे असतात, हे नात्यांच्या भाषेत सांगण्याची ही रीत मला तरी मार्लोपेक्षा सरस वाटते.

मुद्गल पुराणाने पुढचे पाऊल टाकले. तिथे दुर्गुणच असुर झाले: मत्सरासुर, मदासुर, मोहासुर, लोभासुर, क्रोधासुर, कामासुर, ममासुर आणि अहंकारासुर. त्यांच्यासाठी गणेशाचे आठ अवतार, वक्रतुंडापासून धूम्रवर्णापर्यंत. ही यादी पश्चिमेच्या यादीशेजारी ठेवली की दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. खादाडपणा इथे नाहीच, आणि ज्या देवाचे एक नाव लंबोदर आहे, ज्याच्यापुढे मोदकांची रास लागते, त्याच्या पुराणात तो कसा असणार? उलट ‘मम’ म्हणजे ‘माझे’ हा स्वतंत्र असुर आहे. पश्चिमेच्या सातांत त्याला जागा नाही. ‘माझे माणूस’ म्हणून जीव तुटणे त्यांच्याकडे पापात धरलेले नाही.

या फरकाची कसोटी एका अगदी वेगळ्या ठिकाणी घेता येते. १९७९ साली रिडली स्कॉटचा ‘एलियन’ आला. विज्ञानकथा आणि भयकथा यांची सांगड घालणाऱ्या चित्रपटांचा तो अजूनही मानदंड आहे. ‘नोस्ट्रोमो’ या मालवाहू यानावर सात जण असतात. सात हा आकडा पाहून प्रेक्षकाला एकेकाच्या गळ्यात एकेक पाप घालण्याचा मोह व्हावा, हे स्वाभाविक आहे. पार्कर आणि ब्रेट बोनसच्या वाट्यावरून कुरकुरत असतात, म्हणजे लोभ. अंड्यावर वाकून पाहणारा केन, म्हणजे फाजील कुतूहल. पण इथेच यादी अडखळते. कुतूहल सात पापांत नाही. लँबर्टची भीती नाही. आणि सर्वनाश ज्या क्षणी यानात शिरतो तो क्षण तर कुठल्याच पापात बसत नाही. केनच्या चेहऱ्याला प्राणी चिकटलेला आहे, विलगीकरणाचा नियम आहे, रिप्ली दार उघडायला नकार देते, आणि कप्तान डॅलस मात्र ‘आत घ्या’ म्हणतो. का? आपला माणूस बाहेर मरतो आहे म्हणून. ग्रेगरीच्या यादीत याला नाव नाही. मुद्गल पुराणात आहे: ममासुर.

लोभाचे काय? पार्कर-ब्रेटचा लोभ किरकोळ आहे. वाट्यासाठी भांडणाऱ्या मजुराला लोभी म्हणणे मला पटतही नाही. खरा लोभ कंपनीचा. अनोळखी संकेत आला तर थांबून शोध घ्यायचा, नाहीतर सगळा वाटा जप्त, असे करारातच लिहिलेले आहे. पुढे कळते की प्राणी आणायचा, माणसे गेली तरी चालतील, असा कंपनीचा गुप्त हुकूम होता, आणि तो पार पाडणारा ॲश हा माणूस नसून यंत्र होता. कंपनी पडद्यावर कुठेच दिसत नाही. यानाला नाव मात्र जोसेफ कॉनरॅडच्या, चांदीच्या खाणीभोवती फिरणाऱ्या कादंबरीचे आहे. कौटिल्याचा ऐल इथे परत येतो, फक्त त्याला आता चेहरा उरलेला नाही.

चेहरा हवा असेल तर ‘तुंबाड’ पाहावा. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीतून आले. बीज नारायण धारपांच्या कथेचे, आणि ते बर्वे यांनी मित्राच्या तोंडून ऐकले ते विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत कथा घडते आणि विनायकराव एका वाड्याखालच्या गर्भात उतरतो. तिथे हस्तर आहे, समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा. त्याला सोने आणि धान्य दोन्ही हवे होते. सोने मिळाले, धान्यावर हात टाकताच देवांनी त्याला अडवले, आणि शिक्षा अशी की त्याला कोणी पुजायचे नाही, त्याचे नावही विसरायचे. विनायकराव कणकेची बाहुली दाखवून त्याला भुकेला फसवतो आणि त्याच्या लंगोटातून मोहरा पळवतो.

म्हणजे हस्तर भुकेला आहे आणि विनायक लोभी. भूक आणि लोभ यांत फरक करणारी ही मांडणी अगदी आपल्या मातीतली आहे. बकासुर गाडाभर अन्न खातो, कुंभकर्ण खातो आणि झोपतो, पण त्यांच्यावर आपला राग हस्तरवर यावा तितकाच, म्हणजे बेताचाच. राग येतो तो खाली दोर सोडणाऱ्यावर.

लोणार, नोस्ट्रोमो आणि तुंबाड इथे एका रेषेत येतात. तिन्ही ठिकाणी भय झाकणाखाली झोपलेले आहे आणि वरून कोणीतरी येऊन ते उघडते. ‘एलियन’मध्ये उघडणारा करारात अडकलेला, ‘तुंबाड’मध्ये लोभात. लोणारमध्ये मात्र उघडणारा देव आहे, म्हणून आपण तो प्रश्न विचारतच नाही. कथेतले एकमेव ओळखता येणारे रिपू दैत्याच्या नव्हे, बहिणींच्या वाट्याला आले आहेत, काम आणि मोह. ते जागवले त्या देखण्या तरुणानेच. भाऊ गमावलेल्या त्या दोघींचे पुढे काय झाले, हे मी ऐकलेल्या कथेत येत नाही.

झाकणाखालच्या मिठावर डोळा ठेवणारे पुढेही येत राहिले. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारची नोंद आहे. तिथे दैत्याचे नाव नाही. इथे काच आणि साबणाला लागणारा माल मिळतो आणि क्षाराच्या उत्पन्नातून सरकारला चांगला महसूल येतो, असे मात्र आहे. दैत्याचे मांस दफ्तरात जमेच्या बाजूला गेले. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर हा इंग्रज अधिकारी इथे आला. मग शंभराहून अधिक वर्षे हे विवर ज्वालामुखीचे, यावर अभ्यासकांचा भर राहिला. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाला ॲरिझोनाच्या विवराशी त्याचे साम्य दिसले, पण त्यानेही दोन्हींचा संबंध ज्वालामुखीशीच लावला. १९७३ साली ‘सायन्स’ नियतकालिकातल्या लेखात, प्रचंड आघाताशिवाय तयार न होणाऱ्या काचेच्या आणि खडकांच्या पुराव्यावर, ते उल्काघाताचे असल्याचे दाखवले गेले. त्याच्या वयावर वाद चालूच आहे. एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. कोणताही आकडा घ्या, कथा रचणाऱ्यांनी तो आघात पाहिला असण्याची शक्यता नाही. तरी त्यांनी या खड्ड्याची गोष्ट रचली ती वरून आलेल्या कोणाच्या तरी एका आघाताचीच.

जून २०२० मध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले. नमुने तपासले गेले आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्म जीव त्याला कारण ठरले. पाणी कमी झाले, खारेपणा वाढला, तसे ते फोफावले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. दैत्यसूदनाच्या देवळातल्या छताकडे पाहायला अजूनही मान पुरती मागे टाकावी लागते, आणि आत उजेड बेताचाच असतो.