कुस्तीचे कौशल्य आणि स्मृती

नवखा पठ्ठ्या एकेरी पट हा डाव शिकताना प्रतिस्पर्ध्याचा पाय, स्वतःचा तोल आणि वस्तादाचा हुकूम हे सर्व एकाच वेळी अवधानात धरू पाहतो आणि कार्यकारी स्मृतीची, म्हणजे क्षणापुरती माहिती धरणाऱ्या स्मृतीची, धारणा मर्यादित असल्यामुळे हमखास अडखळतो; परंतु तालमीतील नित्य मेहनतीने ते घटक एकसंध होऊन प्रक्रियात्मक स्मृतीत, म्हणजे सवयीच्या कृती जपणाऱ्या स्मृतीत, दाखल झाले, म्हणजे अवधान मोकळे होऊन प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याच्या किंचित हालचालीवरूनच त्याचा पुढील डाव ताडता येतो. केवळ जोर-बैठकांनी हे साधत नाही. निरनिराळ्या जोडीदारांशी लढत अगत्याची. अशा कौशल्याचे उदाहरण द्यायचे तर, निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० च्या एडिनबरो राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत अनेक मल्ल घडविले.