जोसेफ वाझ

संत जोसेफ वाझ (२१ एप्रिल, इ.स. १६५१:बाणावली, गोवा - १६ जानेवारी, इ.स. १७११:कँडी, श्रीलंका) हे रोमन कॅथोलिक धर्मगुरू होते. त्यांना श्रीलंकेचे प्रेषित म्हटले जाते.

डचांनी आपल्या ताब्यातील श्रीलंकेच्या किनारपट्टीवर कॅथोलिक उपासनेस बंदी घातल्याने तेथील भाविक धर्मगुरूंविना राहिले होते. त्यांच्या सेवेसाठी वाझ इ.स. १६८७मध्ये वेषांतर करून तेथे गेले. कँडीच्या राज्यात पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैद करण्यात आले. इ.स. १६९७मधील देवीच्या साथीत त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली व मृतांना मूठमाती दिली. त्यानंतर राजाने त्यांना धर्मकार्याची मोकळीक दिली.

१४ जानेवारी, इ.स. २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संत घोषित केले.