रोहित (अग्निपंख)

उथळ, खाऱ्या पाण्यात थव्याने राहणारा लांब पायांचा, लांब मानेचा गुलाबी पाणपक्षी. मुंबईकर त्याला सर्रास फ्लेमिंगोच म्हणतात. जगात त्याच्या सहा जाती असून भारतात दोन आढळतात. मोठा रोहित (फिनिकोप्टेरस रोझियस) दीड मीटरपर्यंत उंच, अंगाने फिकट, गुलाबी चोचीचे टोक काळे. लहान रोहित (फिनिकोनायस मायनर) ८०-९० सेंटिमीटरचा, पण रंगाने गडद. त्याची काळपट लाल चोच दुरून काळीच वाटते.

ही चोच पाहावी ती पक्षी चरत असताना. मान खाली घालून तो डोके उलटे करतो, त्यामुळे चोचीची वरची बाजू तळाशी येते. जाड जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होत पाणी आत ओढते, बाहेर ढकलते, आणि चोचीच्या कडांवरील बारीक पट्ट्यांत अन्न अडकून राहते. लहान रोहिताची गाळणी इतकी बारीक की त्याचे पोट मुख्यतः सूक्ष्म नीलहरित शैवालावर भरते. मोठा रोहित कीटकांच्या अळ्या, झिंग्यांच्या जातीचे बारीक जीव टिपतो. या अन्नातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांतूनच पिसांना गुलाबी रंग चढतो. पिल्लू करडे असते, चोचही सरळ. नर-मादी दोघेही त्याला घशातून स्रवणारा दुधासारखा रस भरवतात.

चिखलाच्या बुटक्या ढिगाऱ्यावर मादी एकच अंडे घालते. कच्छच्या रणातील त्यांची विणीची वसाहत प्रसिद्ध आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींनी १९४५ मध्ये ती प्रत्यक्ष पाहिली होती.

महाराष्ट्रात उजनी जलाशयावर, भिगवणला मोठे रोहित दिसतात. ठाणे खाडीत मात्र साधारण नोव्हेंबर ते मे या काळात मुख्यतः लहान रोहितांचे प्रचंड थवे उतरतात. खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेवढ्याने भागत नाही. ओहोटीला पक्षी खाडीच्या उघड्या चिखलावर चरतात. भरतीने तो बुडाला की त्यांना टेकायला नवी मुंबईतील नेरूळ-सीवूड्सची पाणथळ तळी लागतात, आणि ती अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. खाडीइतकेच संरक्षण त्यांनाही हवे. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या एका तळ्यात भरतीचे पाणी येण्याची वाट अडली, तळे आटत गेले आणि काही रोहित दगावले.